हिरव्या बटणाचं नाव पांढरी

एका बाईवर गेली काही वर्षं एक आळ आहे. तिने सॉफ्टवेअरच्या परीक्षेत स्वतःचंच हिणवणारं टोपणनाव घालून ठेवलं आणि चारचौघांत तमाशा केला, असं लोक सांगतात. कोणी म्हणतं, दया यावी म्हणून केलं. कोणी म्हणतं, डोकं फिरलं होतं. दोन्ही खोटं आहे. ते नाव मी ठेवलं होतं. कसं ठेवलं ते सविस्तर सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं की ती चूक वाटते, आणि ती चूक नव्हती.

मी पेडण्याचा. उमेदीची वर्षं डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात गेली. तिथे ट्रक नंबरावरून ओळखायचे आणि ड्रायव्हर टोपणनावावरून. बहुतेक नावं माझी असत. एका डोळ्याने अधू होता त्याचं नाव 'हेडलाईट'. एकाची बायको माहेरी गेली ती परत आली नाही, त्याचं 'रिकामी ट्रिप'. माणूस दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत मला नाव सुचलेलं असे आणि ते त्याला जन्मभर चिकटे. 'रिकामी ट्रिप' वारला तेव्हा त्याच्या तेराव्याच्या पंगतीत कोणीतरी त्याचा उल्लेख त्याच नावाने केला. मी तोंडात घास असताना हसलो होतो. त्याची म्हातारी आई भात वाढत होती.

खाणी बंद पडल्या. माझ्या बहिणीच्या मुलाने पेडण्याच्या बाजारात एका पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानावरची खोली घेऊन सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. तो म्हणाला, "मामा, घरी बसून काय करणार? तुमचं मराठी चांगलं. या आमच्याकडे." पडद्यावर दिसणारा मजकूर तपासायचा, हे माझं काम. बाकीची मुलं पंचविशीच्या आसपासची. सगळी मला मामा म्हणत. त्यांचं बोलणं मला अर्धं कळे, पण त्यांना हसवायला मला पहिल्याच दिवशी जमलं. मुलं हसली की मला वाटे, आपण अजून कामाचे आहोत. या वयात ती तलफ विडीसारखी लागते.

मोपाला विमानं उतरू लागली तेव्हा मांद्रेच्या काही घरमालकांनी मिळून आम्हांला काम दिलं. पाहुण्याने मोबाईलवर खोल्या बघायच्या, तारखा घालायच्या आणि खोली राखून ठेवायची, असं वेब ॲप हवं होतं. त्या कामासाठी भाच्याने चाचण्या करणारी एक बाई कंत्राटावर घेतली. ती नदीपलीकडच्या सातार्ड्याची. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, खाणी बंद झाल्यावर घरी बसला आणि बसूनच राहिला. मुलगी कॉलेजात. तिने स्वतः क्लास करून हे काम शिकून घेतलं होतं. भाच्याने सगळ्यांसमोर तिला शब्द दिला, "मांद्रेवाल्यांनी काम स्वीकारलं की तुम्हांला कायम करतो."

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत कोड होतं आणि ओठांच्या कडेलाही. ते लागत नाही हे मला ठाऊक होतं. तरी तिने केलेला चहा मी पहिल्या दिवशी जनेलात, खिडकीच्या कठड्यावर, ठेवून थंड होऊ दिला आणि पोदेराच्या मांजराच्या थाळीत ओतला. ती तेव्हा खोलीत होती.

त्याच दिवशी मुलांत चर्चा चालली होती, नव्या पानाचा कोड कोण लिहिणार. मी म्हणालो, "लिहायला कशाला हवा? बाई अंगावर घेऊनच आल्या आहेत." मुलं आधी दचकली. मग एकाला हसू फुटलं, मग सगळ्यांना. तीही हसली. हसण्यातला जो वाटा आपल्याला द्यावाच लागतो, तेवढं हसली.

मांद्रेवाल्यांनी पुण्याच्या एक सल्लागार बाई नेमल्या होत्या. त्यांची अट होती की काम पुरं झाल्यावर ते माणसाने तपासून चालणार नाही. यंत्र पाहुण्यासारखं ॲपमध्ये शिरेल, तारखा घालेल, बटणं दाबेल, चुका करून बघेल आणि प्रत्येक पायरी पास की नापास ते लिहीत जाईल. सगळ्या पायऱ्या पास झाल्या तरच काम स्वीकारलं जाईल. त्याची तयारी म्हणून पानावरच्या प्रत्येक बटणाला आणि प्रत्येक चौकटीला एक आतलं नाव द्यायचं होतं. ते पाहुण्याला दिसत नाही, पण यंत्र तेवढंच ओळखतं.

मला ते पटेना. बटणावर नाव लिहिलेलं असताना दुसरं कशाला? तिने मला समजावलं. "मामानू, यंत्राक डोळे नसतत. आज बटनावर 'राखून ठेवा' असा, उद्या कोणतरी 'बुक करा' लिवतलो. वरचा लिवलेला बदलता, रंग बदलता. आतला नाव बदलूचा नाय. घराक रंग काढलो म्हणान घराचा नाव बदलता काय?"

मुलं ऐकत होती. एकजण हसत म्हणाला, "मामा, कळलं ना?" एवढंच. पण ते हसू या वेळी माझ्यावरचं होतं.

यंत्राने लिहिलेला निकाल घरमालकांना वाचता यावा म्हणून आतली नावं मराठीत हवी होती. भाचा म्हणाला, "नावं ठेवण्यात मामांचा हात कोण धरणार!" ते काम माझ्याकडे आलं. मी मन लावून केलं. तारखांच्या चौकटीला 'येण्याचा-दिवस' आणि 'जाण्याचा-दिवस', खोलीच्या चित्राला 'खोली-दर्शन', अशी नावं. शेवटी ते मुख्य बटण आलं. सगळं भरून झाल्यावर पाहुणा जे दाबतो आणि ज्याच्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही, ते. तेव्हा ते पांढरं होतं, करड्या कडेचं. ती समोरच्या टेबलाशी वाकून काहीतरी टाईप करत होती. मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'पांढरी'.

मागे उभ्या असलेल्या मुलाने वाचलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

ती चाचण्या लिहायला बसली तेव्हा तिला ते दिसलं. उठून माझ्याकडे आली.

"मामानू, ह्या नाव बदलूया? 'राखून-ठेवा' असा करूया?"

"का? बटण पांढरं आहे ना?"

"बटान पांढरा. तुमी पांढरी लिवलात."

मी चष्मा काढून पुसला. मुलांनी हात थांबवले होते. मी म्हणालो, "बटण हा इंग्रजी शब्द, बाई. शुद्ध मराठीत कळ म्हणतात. ती कळ. ती पांढरी."

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. "मामा म्हणजे मामा!" ती जागेवर जाऊन बसली आणि लिहू लागली. यंत्राने करून बघायच्या चाचण्या साध्या वाक्यांत लिहायच्या होत्या. 'तारीख घातली नसेल तर पांढरी दाबता येऊ नये.' 'पांढरी एकदा दाबल्यावर पुन्हा दाबता येऊ नये.' 'खोली रिकामी नसेल तर पांढरी दिसू नये.' मुख्य बटण ते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते नाव येई. ती रोज ते स्वतःच्या बोटांनी लिही. मुलंही कामाचंच विचारत असल्यासारखं विचारत, "बाई, पांढरी आज चालते का?" "पांढरी कालपासून अडकलीय, कोणी बघता का?" ती मान वर न करता सांगे, "चालता." कामाचाच प्रश्न होता, उत्तर द्यावंच लागे.

मग मांद्रेहून निरोप आला. उन्हात, मोबाईलवर, पांढरं बटण पाहुण्यांना दिसत नाही, ते हिरवं करा. मुलांनी लगेच केलं. त्या दुपारी सगळे खाली चहाला गेले होते तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिने मला मुद्दाम एकटं गाठलं होतं, म्हणजे मला माघार घ्यायला लाज वाटू नये. हे मला तेव्हाही कळलं होतं.

"मामानू, आता बटान हिरवा झाला. आता तरी ता नाव काढूया. माका ता रोज लिवचा लागता."

मी म्हणालो, "तूच शिकवलंस ना? घराला रंग काढला म्हणून घराचं नाव बदलत नाही."

मी आणखी म्हणालो, "रंग गेला तरी नाव राहतंच." ऐकायला कोणी नव्हतं. हसायला कोणी नव्हतं. तरीही म्हणालो. पुढे मी स्वतःची समजूत घालत आलो की मी जे केलं ते मुलांना हसवण्यासाठी केलं. ती दुपार त्या समजुतीत बसत नाही.

ती भाच्याकडे गेली. काचेच्या दाराआड त्याचं बोलणं ऐकू आलं. "नावं मामांकडे आहेत, त्यांना विचारा. आणि बाई, आता परीक्षा तोंडावर आलीय. एक नाव बदलायचं तर सगळ्या चाचण्या पुन्हा बघाव्या लागतील. कुठे काही राहिलं तर? तुमचंच कायम व्हायचं अडेल." तो खोटं बोलत नव्हता, पण ते बदलायला अर्धा तास पुरला असता, हे त्यालाही ठाऊक होतं.

परीक्षा मांद्रेला झाली, एका घरमालकाच्या जेवणघरात. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. घरमालक, त्यांच्या बायका, सुना, शेजारची मुलं, सगळी जमली होती. पुण्याच्या बाई पुढच्या रांगेत होत्या. लॅपटॉप तिच्यासमोर टेबलावर. सल्लागार बाईंनी नियम सांगितला की एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही, थांबवलं तर परीक्षा नापास. तिने सुरू केलं.

पान आपोआप उघडलं. कोणी हात न लावता अक्षरं चौकटीत भरू लागली. "भूत चालयता रे हें!" एक म्हातारा म्हणाला आणि सगळे खूश झाले. चादरीच्या उजव्या बाजूला निकालाच्या ओळी उमटत होत्या. 'येण्याचा-दिवस भरला. पास.' 'जाण्याचा-दिवस भरला. पास.' मग हिरवं बटण चमकलं आणि ओळ आली.

'पांढरी दिसते. पास.'

'पांढरी दाबली. पास.'

"बटण तर हिरवं. ही पांढरी कोण?" कोणीतरी विचारलं.

दाराजवळून एक आवाज आला, "अरे, ही हांगा उबी आसा न्हय!"

तिच्या हातांवर चादरीवरचा उजेड पडत होता. आधी दोघं-तिघं हसले. मग पुढची ओळ आली, 'पांढरी पुन्हा दाबता येत नाही. पास,' आणि सगळी खोली हसू लागली. शेजारच्या मुलांना खेळच मिळाला. प्रत्येक ओळीला ती एका सुरात ओरडू लागली. "पांढरी दिसत नाही! पास!" "पांढरी दाबली! पास!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका सुनेने मुलांना दटावलं आणि दटावताना तिलाच हसू आवरेना.

तिला थांबवता आलं असतं. बोट लॅपटॉपवरच होतं. एक कळ दाबली असती तर चादर कोरी झाली असती. पण मग परीक्षा नापास, काम परत, आणि कायम होणं गेलं. मी बाजूच्या बाकावर बसून तिचं बोट बघत होतो. ते एकदा हललं आणि परत टेबलावर टेकलं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत चालू दिलं. ती सगळा वेळ चादरीकडेच बघत होती, दुसरीकडे बघायला जागा नव्हती. एकही पायरी नापास झाली नाही.

टाळ्या झाल्या. सल्लागार बाई मात्र उठून भाच्याकडे गेल्या. "काम चांगलं आहे. पण हे नाव कोणी ठेवलं? इथे उभ्या असलेल्या माणसाला लागेल असं नाव तुमच्या कामात येतंच कसं?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चाचण्या बाईंनी लिहिल्यात. सगळ्या त्यांच्याच हातच्या आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सल्लागार बाई तिच्याकडे वळल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

ती माझ्याकडे बघत होती. मी बोलावं म्हणून थांबली होती, एवढं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी चष्मा पुसत होतो. मग ती म्हणाली, "होय. चाचण्यो मीच लिवलंय." मुलांपैकी एकजण खोकला. बाकीच्यांनी वायरी गुंडाळायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात भाच्याने तिला सांगितलं की आता येऊ नका. सल्लागार बाईंनी लेखी खुलासा मागितला होता आणि त्यात कोणावर काय कारवाई केली ते लिहायचं होतं. ती गेल्यावर एका मुलाने बटणाचं आतलं नाव 'राखून-ठेवा' केलं. चहा येईपर्यंत झालंसुद्धा.

तिने नंतर म्हापशाला एका ऑफिसात विचारलं, मोपाजवळच्या एका हॉटेलातही विचारलं. तिच्या आधी गोष्ट तिथे पोचलेली असे. पेडण्यातून निघालेल्या गोष्टीला बस लागत नाही. डिचोलीला एका लग्नात ती गोष्ट निघाली तेव्हा मी तिथे होतो. सांगणाऱ्याला मुलांच्या ओरडण्याचा भाग नीट जमत नव्हता. मी त्याला थांबवलं आणि तो भाग स्वतः करून दाखवला. पंगत हसली.

हे सगळं आज का लिहितो, याचं कारण मोठं नाही. गेल्या वर्षी आजारी पडलो. घरच्यांनी आळीपाळीने उशाशी बसायचं म्हणून बसून घेतलं, तेव्हा पडल्या पडल्या ठरवलं की उठलो तर सांगायचं. उठलो. पहिल्यांदा भाच्याकडे गेलो आणि म्हणालो, "ते नाव मी ठेवलं होतं."

तो मोबाईल बघत होता. "मामा, ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं?"

"मग तिला का काढलंस?"

"मग काय तुम्हांला काढू? आईला काय सांगितलं असतं?" त्याने मोबाईल खाली ठेवला. "ती कंत्राटावर होती. तुम्ही मामा. आता कशाला उकरताय?"

मग सातार्ड्याला गेलो. तिने दार उघडलं, पण वाट दिली नाही. उंबरठ्यातच उभी राहिली. कोड आता गळ्यापर्यंत आलं होतं. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं बोललो. आतून तिच्या मुलीने विचारलं, "कोण गो?" ती म्हणाली, "कोण नाय." मग मला म्हणाली, "माका कित्याक सांगतास? माका ठावक असा. ज्येंका ठावक नाय तेंका सांगा. मांद्र्याक जावन सांगा. थंयसर हसले ते." मी हात जोडले. ती म्हणाली, "हात नकात. सांगा." आणि दार लावून घेतलं.

मी मांद्रेला गेलो. ज्याच्या जेवणघरात परीक्षा झाली होती तो घरमालक बलकांवात, घरापुढच्या ओट्यावर, बसला होता, सोबत आणखी दोघे, त्या दिवशी हजर असलेले. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी म्हणालो, "एक सांगायला आलोय. त्या दिवशीचं ते नाव त्या बाईने ठेवलेलं नव्हतं. मी ठेवलं होतं. तिने दोनदा सांगूनही मी बदललं नाही."

घरमालकाचं पोट हसून हलू लागलं. "म्हणजे तुम्ही? मामा, तुम्ही म्हणजे..." त्याने आत हाक मारली, "अगो, आयकलें? ती पांढरी मामांची गो!" बायको ओले हात पुसत बाहेर आली.

"हसू नका," मी म्हणालो. "तिची नोकरी गेली त्याने."

त्यांना तोही विनोदच वाटला. मी तोंड उघडलं की लोक हसायच्या तयारीने बसतात, आणि ही सवय त्यांना मीच लावली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज चढवून. सोबतच्या एकाने डोळे पुसले आणि समोरच्या घराकडे बोट दाखवलं. तिथे एक लंगडा म्हातारा झावळ्या ओढत नेत होता. "मामा, तेका एक नाव घाला मगे."

मला नाव सुचलं. सांगितलं नाही, पण सुचलं.

सल्लागार बाईंचा पत्ता आता माझ्याकडे नाही आणि भाचा देत नाही. बोलून जे झालं नाही ते लिहून होतं का बघतो. तिच्या हातच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, एकही चुकली नव्हती. ती अजून काम शोधते आहे. म्हापशात, मोपाला, कुठेही ती दारात आली तर एवढं वाचून मग तिला विचारा काय विचारायचं ते.